इंजिनाच्या आट्यांत अडकलेला टॅपचा तुकडा काढताना या चुका टाळा

सिलिंडर हेडच्या किंवा ब्लॉकच्या भोकातले आटे नीट करताना टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) तुटला, किंवा मोडका बोल्ट काढण्यासाठी बसवलेला ईझी-आउटच आत मोडला, की पहिली इच्छा होते ती हातातल्या ड्रिलने तो तुकडा पोखरून काढण्याची. ही इच्छा आवरली पाहिजे. तुकडा भोकात आठवडाभर राहिला तरी ब्लॉकचे काही बिघडत नाही; घाईने चालवलेले ड्रिल मात्र आटे, भोकाची भिंत आणि कधीकधी भिंतीपलीकडचा पाण्याचा मार्गही फोडून जाते.

तुकडा कशाचा आहे हे न तपासता काम सुरू करणे, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. 8.8 किंवा 10.9 या मजबुतीच्या ग्रेडचा बोल्ट चिवट असला तरी चांगल्या ड्रिलने तो कापला जातो. टॅपचे तसे नसते. तो बहुधा हायस्पीड स्टीलचा असतो, त्याचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर साधारण 62 ते 65 भरतो, आणि आपले नेहमीचे ड्रिलही जवळपास तेवढ्याच कठीण पोलादाचे असल्यामुळे ते टॅपला कापू शकत नाही. ईझी-आउटही कडक केलेल्या पोलादाचाच असतो. मग ड्रिलचे टोक तुटलेल्या वाकड्यातिकड्या पृष्ठभागावरून घसरते आणि शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते. एकदा भोक असे बाजूला सरकले की पुढे तुकडा निघाला तरी बोल्ट सरळ बसत नाही. म्हणून बारीक कानशीचा कोपरा तुकड्यावर फिरवून पाहावा: ओरखडा उमटला तर तो बोल्ट आहे आणि कानस नुसती घसरली तर आत हत्यार अडकले आहे, असे समजून पुढचा मार्ग ठरवावा.

टॅप असेल तर आधी त्याच्या दातांमधल्या उभ्या खाचा मोकळ्या कराव्यात. पुष्कळदा टॅप तुटतो तोच खाचांत धातूचा कीस दाटल्यामुळे, आणि तो कीस तसाच ठेवून तुकडा उलटा फिरवू पाहणे म्हणजे पाचर अधिक घट्ट करणे होय. बारीक सुई, चुंबक आणि गंजरोधक पातळ तेल यांनी खाचा साफ कराव्यात. हवेचा झोत मारायचाच असेल तर डोळ्यांवर चष्मा आणि भोकाभोवती कापड हवे. त्यानंतर टॅप-एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे खाचांत बोटे घालून तुकडा फिरवणारे हत्यार, वापरावा. त्याच्या बोटांची संख्या टॅपच्या खाचांइतकीच लागते, तीन असतील तर तीन आणि चार असतील तर चार. बोटे खाचांत उतरल्यावर त्यावरची कडी तुकड्याला टेकेपर्यंत खाली सरकवावी, नाहीतर बोटे पीळ सहन न होऊन वाकतात. इथली नेहमीची चूक म्हणजे एकाच दिशेने जोर लावणे. थोडे मागे, थोडे पुढे असे हलवत राहिले की आतला उरलेला कीस सुटतो, आणि हाताला तुकडा सैल लागू लागला की मगच तो बाहेरच्या दिशेने फिरवावा.

उष्णता देताना ती कुठे द्यायची याचा विचार फारसा केला जात नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये भोकाभोवतीचा भाग गरम केला तर पकड सैल होते. ज्योत थेट तुकड्यावर धरली तर आधी तुकडाच फुगतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये दोन्ही धातूंच्या प्रसरणात थोडाच फरक असल्याने तिथे या उपायाचा लाभ कमी मिळतो. इंधनाची नळी जवळ असताना मात्र ज्योत पेटवूच नये.

पंच आणि हातोडीने टॅप फोडून त्याचे तुकडे वेचण्याची पद्धत जुनी आहे आणि बिडाच्या जाड भागात ती कधीकधी साधतेही. ॲल्युमिनियममध्ये मी ती कोणालाही सुचवणार नाही, कारण धारदार कपच्या मऊ आट्यांत रुततात. कार्बाइडचे ड्रिल टॅपला कापते खरे, पण ते अतिशय ठिसूळ असते. मिलिंग मशिनवर काम घट्ट बांधून ते चालवावे. हातातल्या ड्रिल मशिनच्या थरथरीने ते मोडले तर टॅपहूनही कठीण तुकडा आत अडकतो.

तुरटीच्या उकळत्या संपृक्त द्रावणात पोलाद विरघळते आणि ॲल्युमिनियम शाबूत राहते, हे खरे आहे. घड्याळांच्या पितळी भागांतले मोडके स्क्रू याच रीतीने काढले जातात. पण इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट लोहधातूच्या असतात आणि बिडाचा ब्लॉक तर स्वतःच लोखंड आहे. हा उपाय फक्त इंजिनापासून सुटा केलेल्या, निव्वळ ॲल्युमिनियमच्या झाकणापुरता ठेवावा.

दोन-तीन सौम्य प्रयत्नांनी तुकडा हलला नाही, तर माझ्या मते स्पार्क इरोजनचे काम करणाऱ्या वर्कशॉपकडे जावे. त्यात इलेक्ट्रोडच्या ठिणग्यांनी टॅपचा मधला गाभा झिजवून काढतात, भोकावर कोणताही जोर पडत नाही, आणि उरलेल्या पाकळ्या सुटून पडल्यावर मूळ आटे जसेच्या तसे राहतात. इंजिनापर्यंत आणता येतील अशी मशिनेही असतात. अर्धवट पोखरलेले, बाजूला सरकलेले भोक घेऊन तिथे जाण्यापेक्षा अस्पर्श तुकडा घेऊन गेलेले कितीतरी बरे.

तुकडा ईझी-आउटचा असेल तर तो का मोडला तेही पाहावे. निमुळता ईझी-आउट ठोकताना पोकळ केलेला बोल्ट फुगून आट्यांवर दाबला जातो, आणि जितका जोर वाढवावा तितका तो आवळत जातो. म्हणून बोल्ट अजून शाबूत असताना डाव्या फिरकीचे, म्हणजे बोल्ट सुटण्याच्या दिशेने फिरून कापणारे, ड्रिल वापरणे चांगले; भोक पाडता पाडताच बोल्ट पुष्कळदा सुटून वर येतो. बोल्टच्या टोकावर नट वेल्ड करून तो फिरवणेही प्रभावी ठरते, मात्र वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार काढलेली असावी.

काम सुरू करण्याआधी सिलिंडर आणि तेलाचे मार्ग ग्रीस लावलेल्या कापडाने बंद करावेत आणि किती कापडे आत घातली ते लिहून ठेवावे. तुकडा निघाल्यावर आटे साफ करायला पुन्हा कापणारा टॅप घालू नये, कारण तो चांगल्या आट्यांचाही धातू खरवडतो. त्यासाठी आटे फक्त सारखे करणारा थ्रेड चेसर असतो. नवे आटे पाडायचेच असतील तर भोकाचे माप आधी तपासावे: एम 6×1 (6 मिमी व्यास, आट्यांत 1 मिमी अंतर) साठी 5.0 मिमी, एम 8×1.25 साठी 6.8 मिमी, एम 10×1.5 साठी 8.5 मिमी. तळ बंद असलेल्या भोकात टॅप तळाला टेकण्याआधीच थांबावे, आणि बोल्ट बसवण्यापूर्वी भोकातले तेल व पाणी पूर्ण काढून घ्यावे. तसे न केल्यास बोल्टखाली अडकलेल्या द्रवाच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.