सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायचं कसं

दुपारी साडेबाराला गरम सूपचा ट्रे हातात धरून टेबलांमधून भिरभिरणारा माणूस दिसला, की ओळखावं: नवखा आहे. त्याने आधी रांग धरली आणि जागा नंतर शोधायला घेतली. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याचे अनेक स्टॉल आणि सामायिक टेबलं एकाच छपराखाली असतात तिथे, हे उलट करायचं असतं.

आधी टेबल धरा. खुर्चीसमोर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. छत्री ठेवली तरी चालते, मोबाइल मात्र ठेवू नका. दुसऱ्याचं पाकीट दिसलं तर तिथे बसू नका. टिश्यू तसेही जवळ लागतातच, कारण बहुतेक स्टॉलवर पेपर नॅपकिन मिळत नाहीत. अनोळखी माणसांच्या टेबलावर खुर्ची रिकामी असेल तर विचारून बसायला कुणाची हरकत नसते. टेबलावर नंबर असेल तर तो लक्षात ठेवा. काही स्टॉलवाले पदार्थ जागेवर आणून देतात आणि ऑर्डर घेतानाच नंबर विचारतात. 'सेल्फ सर्व्हिस'ची पाटी असेल तिथे ट्रे आपणच उचलायचा.

रांगेत उभे असतानाच चार गोष्टी ठरवून ठेवा: पदार्थ, लहान की मोठी प्लेट, तिखट हवं की नको, इथे खाणार की पार्सल. पार्सलला 'दा बाओ' म्हणा, मलय स्टॉलवर 'बुंगकुस'. डब्याचे थोडे सेंट बहुधा वेगळे पडतात. विक्रेत्याला 'अंकल' किंवा 'आंटी' म्हणायची पद्धत आहे. क्यूआर कोड बहुतेक ठिकाणी लावलेले दिसतात, पण ते मुख्यतः स्थानिक बँक खात्यांसाठी असतात. पाहुण्याने २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात. टिप नाही, सर्व्हिस चार्ज नाही. पाटीवरचा भाव तोच शेवटचा. रेस्टॉरंटच्या मेनूवर भावापुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी वर लागणार, हे धरून चाला. हॉकर सेंटरमध्ये पाटीवर भावच नसेल, विशेषतः मासे, खेकडे, मोठी कोळंबी, तर १०० ग्रॅमला किती आणि एकूण किती, हे ऑर्डरआधी विचारा. बिलावरून होणारे वाद बहुतेक इथेच होतात.

शाकाहारी मंडळींना खरी मेहनत इथे आहे. 'नो मीट' एवढंच सांगितलंत तर अंडं, मासे आणि सुकी कोळंबी ताटात येऊ शकते. त्या अंकलच्या हिशेबात ते मीट नव्हेच. 'व्हेजिटेरियन, नो एग, नो सीफूड' असं पूर्ण सांगा. तरीही काही पदार्थ सोडलेलेच बरे. कांगकोंगची हिरवीगार भाजी निरागस दिसते, पण ती बहुधा बेलाचानमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या वाटणात, परतलेली असते. सांबालमध्येही, म्हणजे मिरचीच्या तिखट वाटणात, तेच. चिनी पद्धतीच्या रोजाकमध्ये फळं आणि काकडी असते, पण वरचा काळा घट्ट सॉस कोळंबीचाच. चिकन राइसमधलं चिकन बाजूला काढून उपयोग नाही, कारण भातच कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच सूपमध्ये शिजवतात. चार क्वे टिओमध्ये, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या रुंद नूडल्समध्ये, अनेकदा डुकराची चरबी असते. कॅरट केकमध्ये गाजर नसतं. पांढरा मुळा, तांदळाचं पीठ आणि अंडं असतं.

मग खायचं काय? 'व्हेजिटेरियन' अशी पाटी असलेला चिनी स्टॉल शोधा. तो बहुधा बौद्ध पद्धतीचा असतो आणि अशा ठिकाणी सहसा कांदा-लसूणही घालत नाहीत. तिथलं रोस्ट पोर्कसारखं दिसणारं काप सोया किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं, दचकू नका. अंडं आणि दूध मात्र विचारून घ्या. जैन असाल तर बटाटा, गाजर, मशरूमबद्दलही विचारा. घरच्यासारखं हवं असेल तर लिटल इंडिया स्टेशनजवळच्या टेक्का सेंटरमध्ये डोसा मिळतो. गोमांस टाळणाऱ्यांनी मलय स्टॉलवर रेंडांग, म्हणजे नारळात आटवलेलं मसालेदार मांस, कशाचं आहे ते विचारावं. ते बरेचदा बीफचंच असतं.

पेयांचा स्टॉल वेगळा असतो. नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क आणि साखर घातलेली कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. 'कोपी सी'मध्ये साखर न घातलेलं आटवलेलं दूध आणि वर साखर. कमी गोड हवी तर शेवटी 'सिउ दाई', बिनसाखरेची हवी तर 'कोसोंग', बर्फाची हवी तर 'पेंग'. कंडेन्स्ड मिल्क मुळातच गोड असतं, म्हणून दुधाची पण बिनसाखरेची हवी असेल तर 'कोपी सी कोसोंग' सांगा. चहाला 'कोपी'च्या जागी 'तेह' म्हणायचं, बाकी सगळं तेच. आल्याच्या चहाची तलफ आली तर भारतीय मुस्लिम स्टॉलवर 'तेह हालिया' मागा.

जेवण झालं की ट्रे, भांडी आणि वापरलेले टिश्यू रॅकवर नेऊन ठेवायचे. १ सप्टेंबर २०२१ पासून याची कडक अंमलबजावणी सुरू आहे: पहिल्या वेळी लेखी ताकीद, दुसऱ्या वेळी ३०० डॉलर दंड. हलाल आणि बिगरहलाल भांड्यांचे रॅक वेगळे असतात. पाटी वाचूनच ट्रे ठेवा. डुकराच्या मांसाची प्लेट हलाल रॅकवर गेली तर कुणाला तरी खरोखर त्रास होतो. कपात उरलेली कॉफी घेऊन एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, शिरू नका, तिथे खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे.

वेळेचं सांगायचं तर ऑफिसांच्या भागातलं अमॉय स्ट्रीट फूड सेंटर दुपारच्या जेवणाचं. शनिवार-रविवारी तिथले बरेच स्टॉल बंद असतात. लाउ पा सात या हॉकर सेंटरच्या शेजारचा बून टाट स्ट्रीट संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि रस्त्यावरच साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजायला घेतात. साते सहसा किमान १० काड्यांपासून मिळतं, एकटे असाल तर आधी विचारा. सोमवारी बऱ्याच स्टॉलची सुट्टी असते. शिवाय सेंटर साफसफाईसाठी ठरावीक काळाने पूर्ण बंद राहतं. त्या तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्था म्हणजे एनईए जाहीर करते, दूरवर जायचं असेल तर त्या पाहूनच निघा.