मूल रात्री झोपत नाही? आधी या चुका टाळा

रात्रीचे साडेदहा. दीड वर्षांचं पोर सोफ्यावरून उड्या मारतंय आणि घरातले म्हणतायत, "अजून झोप आली नाही त्याला." झोप साडेआठलाच येऊन गेली. तेव्हा त्याने डोळे चोळले, आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. पण बाबा घरी यायचे होते, म्हणून खेळवत ठेवलं. वेळ टळली की मूल पेंगत नाही, चेकाळतं. "दुपारी झोपवूच नका" हा सल्ला म्हणूनच अंगाशी येतो. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते. दुपारची झोप ठेवा, तीन-साडेतीनला उठवा आणि साडेआठला अंथरुणावर न्या. बाबांची भेट सकाळी.

दुसरी चूक झोळीची. चाळीस मिनिटं झोके द्यायचे, पोर गाढ झोपलं की श्वास रोखून गादीवर ठेवायचं. साडेअकराला किंकाळी, पुन्हा झोळी. दोनला पुन्हा, चारला पुन्हा. आठवड्याभरात पाळी कोणाची यावरून नवरा-बायकोत भांडण आणि आजींच्या मीठ-मोहऱ्या ओवाळून झालेल्या. दृष्ट वगैरे काही नसतं. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं. ते संपताना मूल अर्धवट जागं होतं. डोळा लागला तेव्हा झोका होता, आता अंधारात गादी. एसटीत डुलकी लागलेला माणूस रानात जागा झाला तर तोही दचकेल.

तेव्हा झोके डोळे जड होईपर्यंतच द्या. जागं असतानाच गादीवर ठेवा, छातीवर हात ठेवून सावकाश थोपटा. रडलं तर उचला, शांत झालं की परत ठेवा. पहिल्या रात्री दहा-पंधरा वेळा करावं लागलं तरी. तीन-चार रात्रींनी थोपटणं बंद, नुसता हात. मग हातही नाही, फक्त शेजारी बसायचं. दोन आठवडे धरून चाला. दोन रात्रींत "आमच्याकडे नाही जमत" म्हणणाऱ्यांनी सुरूच करू नये, कारण मूल त्यातून एवढंच शिकतं की जास्त वेळ रडलं की झोळी मिळते. ताप किंवा प्रवास असेल तर मात्र थांबा.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे दात किडतात. आधी दूध, मग दात घासणं.

मोबाइल आणि टीव्ही तासभर आधी बंद. आजोबांच्या बातम्यासुद्धा.

झोपेसाठी उगाळून दिलेल्या जायफळाचा 'एकच वेढा' रोज वाढत जातो. जास्त झालं तर ते विषारी असतं. सर्दीचं सिरप झोपेसाठी देणं तर निव्वळ मूर्खपणा. अशा सिरपांत असणारं क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच सांगितलंय.

मध्यरात्री उठलं तर दिवा नको, गप्पा नकोत.

आणि रोजच तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर थोपटण्याने काही होणार नाही. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते; बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना घोरण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात पोर टक्क जागं असतं.