नरसंहाराची पत्रकारिता करायची म्हणता, तर मर्गपासून सुरुवात करा

पत्रकारितेच्या वर्गावर शिकवायला गेले की दर वर्षी कुणीतरी तास संपल्यावर मागे थांबतं. "मॅडम, तुम्ही नरसंहारावर काम करता ना, मला तेच करायचं आहे. त्यासाठी दिल्ली गाठू की बाहेरदेशी जाऊ?" मी 2006 पासून या व्यवसायात आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं नागपुरातच गेली. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात एका मराठी दैनिकात, क्राइम बीटवर झाली. आपल्याकडे विदर्भात अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पोलीस म्हणतात, "मर्ग दाखल केला." पहिल्याच महिन्यात एका अपघातातल्या मृतांचा आकडा मी फोनवर विचारून छापला आणि तो चुकला. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका वयस्क हवालदारांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "ताई, आकडा साहेबांच्या तोंडून नका घेऊ. मर्गचं रजिस्टर घ्या अन् एकेक नाव मोजा." पुढची तीन वर्षं मी तेच केलं. सकाळी ठाणं, दुपारी मेडिकल कॉलेजचं शवविच्छेदनगृह, संध्याकाळी कोर्टात दोषारोपपत्रं. प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला होतं, जखम किती सेंटिमीटरची, पायात चप्पल एक की दोन, पंच म्हणून सही करणारा माणूस खरंच तिथे हजर होता का. एकदा पंचनाम्यात "अंगात निळा शर्ट" होता आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टात नुसती बनियन. मधल्या चार तासांत शर्ट कुठे गेला, हा एकच प्रश्न घेऊन मी आठ दिवस फिरले. बातमी त्या शर्टातच होती.

नरसंहाराचा तपास याच कामाचा आहे, पसारा मात्र काळीज दडपवणारा. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. डेव्हिड रोड हा अमेरिकी पत्रकार ऑगस्टमध्ये तिथल्या शेतांत पोचला आणि मातीबाहेर आलेलं माणसाचं हाड त्याने स्वतः पाहिलं. पुढे मारेकऱ्यांनी यंत्रं लावून खड्डे उकरले आणि प्रेतं दूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत हलवली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी सापडली आणि डीएनएवरून ती जुळवावी लागली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे साक्षीदारांच्या जोडीला काय उभं राहिलं? मारेकऱ्यांच्याच लष्करी वाहनांची लॉगबुकं आणि डिझेलच्या नोंदी. कोणतं यंत्र कोणत्या दिवशी कुठे किती तास चाललं, हे कारकुनाने इमानदारीने लिहून ठेवलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ठाण्यातलं ते मळकं रजिस्टर आठवलं. तुम्हाला या कामात यायचं असेल, तर आधी अशा नोंदी कंटाळा न करता वाचायला शिका.

आता शब्दाबद्दल. आपल्या बातम्यांत एका घरातली चार माणसं मारली गेली तरी "हत्याकांड" आणि दंगलीत वीस गेली की "नरसंहार". कायद्यातला अर्थ फार नेमका आहे. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने 1944 मध्ये "जेनोसाइड" हा शब्द घडवला. संयुक्त राष्ट्रांनी 9 डिसेंबर 1948 रोजी त्यावरचा करार स्वीकारला. राष्ट्रीय, वांशिक (एथ्निक), वंशीय (रेशियल) किंवा धार्मिक गट, तो गट म्हणूनच, पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असला पाहिजे. मृतांची संख्या हा निकष नाही, हेतू हा निकष आहे. भारताने 1959 मध्ये करार मंजूर केला, पण आपल्या फौजदारी कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा आजही नाही, आणि 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या खटल्यात ही उणीव स्पष्ट नोंदवली.

नागपूरकरांसमोर मी गोवारींचं उदाहरण ठेवते. 23 नोव्हेंबर 1994 ला विधानभवनावर आलेल्या मोर्च्यात मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळ चेंगरून 114 गोवारी बांधव गेले. त्यांत बायका आणि लेकरं किती होती, हे झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी उभं राहून वाचा. ते आक्रीत होतं, त्यात सत्तेची बेपर्वाई होती, आणि ते कुणी विसरू नये. तरीही तो करारातला जेनोसाइड नव्हे. असं म्हटल्याने त्या 114 जणांचं दुःख कमी होत नाही. चुकीचा शब्द वापरला की समोरचा शब्दावर वाद घालतो आणि माणसं बाजूला राहतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माझ्या मसुद्यांत तो शब्द सगळ्यात शेवटी येतो, कधीकधी येतच नाही.

हेतू कसा दिसतो, हे शिकायला अँथनी मस्करेन्हस यांचं काम पाहा. जन्म आपल्या बेळगावचा, शिक्षण आणि नोकरी कराचीत. 1971 मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवलं, सगळं आलबेल असल्याचं लिहून घ्यायला. सात जणांनी तसं लिहिलं. मस्करेन्हस यांनी मात्र अधिकारी जेवताना, गप्पा मारताना आपण बंगाल्यांना मारतो आहोत हे किती सहज बोलतात, ते ऐकून ठेवलं. आधी बायकापोरांना लंडनला काढलं, मग स्वतः सीमा ओलांडून निसटले, आणि 13 जून 1971 ला लंडनच्या संडे टाइम्समध्ये तो वृत्तांत छापून आला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी माणसांची सुरक्षा, मग बातमी. आणि त्या वर्षीच्या मृतांचा आकडा लिहाल तेव्हा आकड्यासोबत तो कुणाचा हेही लिहा. बांगलादेश सरकार तीस लाख म्हणतं, काही अभ्यासक तीन ते पाच लाख. नुसता एक आकडा उचलून टाकणं म्हणजे फोनवरून मृतांची संख्या घेणं.

माझी सगळ्यात मोठी चूकही 1971 शीच जोडलेली आहे. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावं आहेत. मी मनात बांगलादेश युद्ध धरून तिथल्या एका आजींकडे गेले, दुभाष्या म्हणून त्यांचाच नातू घेतला आणि बसल्याबसल्या विचारलं, "1971 मध्ये तुमचं गाव कधी जाळलं?" आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घडीवर फाटलेला कागद घेऊन आल्या. बॉर्डर स्लिप, सीमा ओलांडताना निर्वासितांना मिळालेली चिठ्ठी. साल 1964. पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याकडच्या दंगलीनंतर त्या निघाल्या होत्या आणि रायपूरजवळच्या माना निर्वासित कॅम्पमधून इकडे आल्या होत्या. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "मा, तू साल घेऊन आली. मला विचारलं नाही."

त्या दिवशी मी वही बंद केली. दीड महिन्याने पुन्हा गेले तेव्हा सोबत बांगला बोलणारी एक शिक्षिका होती आणि नातू शेतावर होता. या वेळी विचारलं, "तुम्ही निघालात त्या दिवशी सकाळी चूल पेटली होती का?" भात शिजत घातला होता, म्हणाल्या, तो तसाच राहिला. मग घराचा नकाशा काढायला सांगितला. त्यांनी अंगणात काडीने रेघा ओढल्या: तळं, गोठा, धाकट्या जावेची खोली. त्या खोलीपाशी काडी थांबली. तिथे काय झालं ते नातवासमोर त्या कधीच बोलल्या नसत्या. त्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं मी छापलेलं नाही, त्यांनी तशी परवानगी दिली नव्हती.

दुभाष्या कोण, समोर कोण बसलं आहे, हे इतकं महत्त्वाचं का, ते रवांडाच्या अकायेसू खटल्यात दिसतं. 1994 मध्ये एप्रिल ते जुलै, शंभर दिवसांत रवांडात पाच ते दहा लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. ज्याँ-पॉल अकायेसू एका भागाचा मेयर होता. त्याच्यावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. साक्ष देताना बायका आपणहून बोलल्या, खंडपीठावरच्या एकमेव महिला न्यायाधीश नवी पिल्ले यांनी पुढचे प्रश्न विचारले, आणि 1997 मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालात लैंगिक अत्याचार हेही नरसंहाराचं कृत्य ठरू शकतं, हे पहिल्यांदा मान्य झालं. त्या बायकांना कुणी ऐकून घेतलं म्हणून.

हल्ली निम्मं काम पडद्यावर होतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारीख-ठिकाणाची मूळ माहिती उरत नाही, म्हणून मूळ फाइल मागायची, ती मिळताच तिचा हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून ठेवायचा आणि कामासाठी प्रत वापरायची. सराव घरच्या घरी होतो. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पूर आला, तेव्हाचे म्हणून फिरलेले व्हिडिओ घ्या आणि प्रत्येकाची जागा, वेळ, दिशा सिद्ध करून दाखवा. दुकानाची पाटी, विजेचा खांब, सावली. मी विद्यार्थ्यांकडून हे करून घेते आणि पहिल्या दिवशी बहुतेकांचं चुकतं. उपग्रहचित्रांचं शिक्षण मला सुदूर संवेदन क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एका काकांनी दिलं. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा एक ठिपका, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र. म्यानमारच्या राखाइन प्रांतात 2017 मध्ये निदान 392 गावं पूर्ण वा अंशतः उद्ध्वस्त झाली, असं संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाने उपग्रहचित्रांच्या आधारे नोंदवलं. काका म्हणायचे, जळलेलं सगळेच बघतात, तू न जळलेलं बघ. रोहिंग्या या तिथल्या मुस्लिम अल्पसंख्याकांची वस्ती काळी पडलेली आणि शेजारची दुसऱ्या समाजाची वस्ती जशीच्या तशी, हे चित्रात दिसतं तेव्हा "वणवा लागला" हे उत्तर टिकत नाही.

त्याच राखाइनमधल्या इन दिन गावात दहा रोहिंग्यांना मारल्याचा तपास करणारे रॉयटर्सचे वा लोन आणि च्यॉ सो ऊ पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात होते. तेव्हा साक्षीदाराचं नाव फाइलच्या नावात लिहू नका, घराचं लोकेशन फोटोत राहू देऊ नका. तुम्ही परत नागपूरला येता, साक्षीदार तिथेच राहतो.

आपल्याच व्यवसायातली माणसंही या गुन्ह्यांत दोषी ठरली आहेत. रवांडात आरटीएलएम रेडिओ आणि कांगुरा हे नियतकालिक तुत्सींना "झुरळं" म्हणत राहिलं, आणि डिसेंबर 2003 मध्ये त्यांच्या चालकांना व संपादकाला शिक्षा झाल्या. मी एका वृत्तपत्रात असताना स्थलांतरित मजुरांच्या बातमीवर "टोळधाड" असं शीर्षक लागत होतं. रात्री साडेअकराला मी पान थांबवायला लावलं. त्यावरून बराच काळ अबोला सोसला. आजही तेच करेन.

मनाचं म्हणाल तर ते जपावं लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भयंकर व्हिडिओ बघताना आवाज बंद, चित्र लहान, शक्य तर कृष्णधवल. आवाज सगळ्यात खोल जातो. रात्री जेवणानंतर असं काहीही बघायचं नाही, हा नियम मी 2015 पासून पाळते, कारण त्याआधीच्या हिवाळ्यात मला भाताचा वासही सहन होईनासा झाला होता. त्यासाठी मी समुपदेशकाकडे गेले, सात महिने.

शिक्षणाला नागपूर कमी नाही. विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे, तीन वर्षांची एलएलबी नोकरी सांभाळून कितीतरी जण करतात, आणि जमलं तर ती कराच, मला फार उपयोगी पडली. पुराभिलेखागारात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ब्रिटिशकालीन फायली वाचा, सरकारी टिपणात माणूस कसा नाहीसा केला जातो ते कळेल. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. एक परकी भाषा किंवा शेजारची एक भाषा नीट शिका. पैशाचं स्पष्ट सांगते: नुसत्या या कामावर माझं घर चाललेलं नाही. भाषांतर, शिकवणं आणि न्यायालयाची रोजची बातमीदारी यांवर ते चालतं, आणि मोठा वृत्तांत वर्षा-दीड वर्षात एखादाच होतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी एकच काम देते. ओळखीच्या वकिलांकडून निकाल लागलेल्या एका जुन्या प्रकरणाचे कागद मिळवायचे आणि त्या मृत्यूचा वृत्तांत एका पानात लिहून आणायचा, त्यात एकही विशेषण नको. गेल्या वर्षी नऊ जण आले होते. पान दोघींनी आणलं. त्यांतली एक आता बांगला शिकते आहे आणि मुलचेऱ्याच्या आजींच्या मुलाखतीच्या ध्वनिफिती पहिल्यापासून ऐकून, माझ्या शिक्षिका-दुभाषीने कुठे काय गाळलं ते तपासते आहे.