तीन महिने, एक दिवस कमी: इंग्लंडात नवीन आलेल्यांना रेसिझमबद्दल

मंडळाच्या गणपतीत नवीन आलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेले असतात. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं, काउन्सिल टॅक्स भाडेकरूने भरायचा का, बरी तूरडाळ कुठे मिळते. याची उत्तरं कोणीही देतं. प्रसादाच्या रांगेत जरा मागे राहून, आवाज खाली आणून जो प्रश्न येतो तो वेगळा असतो: "ताई, ऑफिसमध्ये एक जण जरा... तुम्हाला आलाय का कधी असा अनुभव?" आलाय. इथे वर्षानुवर्षं राहूनही ज्याला आला नाही तो एक तर नशीबवान, नाहीतर विसराळू.

आधी आपल्याच दोन प्रकारच्या माणसांपासून सावध करते. पहिले म्हणजे "आम्हाला कधी काही त्रास झाला नाही हो" म्हणणारे काका. साठ-सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर. त्या पिढीतल्या भारतीय डॉक्टरांना सर्जरीसारख्या मानाच्या शाखांची दारं सहसा उघडत नसत. म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, वेल्सच्या खाणींच्या गावांतले दवाखाने, म्हणजे गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या जागा त्यांच्या वाट्याला आल्या आणि एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, तेवढा भाग त्यांनीच सांभाळला. चहाच्या दुसऱ्या कपाला काकू हळूच सांगतात की नॅशनल फ्रंट या गोऱ्या वंशवाद्यांच्या पक्षाच्या दिवसांत लेटरबॉक्समधून काय काय आत यायचं. काका लगेच म्हणतात, "टवाळ पोरं होती गं ती." असं मानूनच ते इथे टिकले, त्याबद्दल मला आदर आहे. पण तो सल्ला तुम्ही घेऊ नका. काकांच्या सुरुवातीच्या काळात कायद्याचा आधार जवळपास नव्हताच. १९६५ चा वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा, रेस रिलेशन्स ॲक्ट, नोकरी आणि घर यांना लागूच नव्हता, ते १९६८ मध्ये आत आले. तुमच्या हातात भेदभावाविरुद्धचा २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे.

दुसरे म्हणजे ज्यांना सगळ्यातच रेसिझम दिसतो ते. चुकीच्या दिवशी कचऱ्याचा बिन बाहेर काढला म्हणून शेजारणीने चिठ्ठी टाकली, रेसिस्ट. घरमालकाने जामीनदार मागितला, रेसिस्ट. अहो, तुमची इथे क्रेडिट हिस्ट्रीच नाही. ती नसलेल्या इंग्रज पोरालाही जामीनदार मागतात. बसस्टॉपवरची आजी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" विचारते तेव्हा बहुतेक वेळा तिला तिच्या मुंबईला जाऊन आलेल्या भाच्याबद्दल सांगायचं असतं. ऐका, बस येईपर्यंत बरं असतं. पण फ्लॅट पाहायची वेळ मागताना पूर्ण नाव सांगितल्यावर एजंट "तो गेला" म्हणाला, आणि अर्ध्या तासाने तुमच्या ऑफिसातल्या टॉमने फोन केला तर त्याला उद्या सकाळची वेळ मिळाली, तर मात्र ते तेच आहे. कायदाही हाच प्रश्न विचारतो: तुमच्या जागी दुसऱ्या वंशाचा माणूस असता तर त्याला असंच वागवलं असतं का? मनाशी आधी ही तुलना करून बघा, मग बोला.

आता मुख्य गोष्ट. ही मी मंडळात इतक्यांदा सांगितली आहे की लोक मला टाळतात, तरी पुन्हा सांगते. नोकरीतल्या भेदभावाबद्दल एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलकडे, म्हणजे नोकरीच्या वादांच्या न्यायालयाकडे, जायचं असेल तर मुदत घटनेपासून तीन महिने, त्यातून एक दिवस कमी. दावा ठोकण्याआधी एकॅस या नोकरीचे वाद मिटवणाऱ्या सरकारी संस्थेकडे 'अर्ली कन्सिलिएशन'साठी, म्हणजे आधी समेटाचा प्रयत्न म्हणून, नोंद करावी लागते आणि ती नोंदही त्याच मुदतीत करायची असते. मुदत सहा महिने करणारा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, पण मंजूर होणं आणि लागू होणं यात अंतर असतं. तुम्ही तीनच धरून चाला.

एका नाशिकच्या मुलाचं उदाहरण देते. आयटीतला, क्लायंटच्या ऑफिसात बसायचा. मीटिंगमध्ये त्याचा डेमो सुरू होणार तेवढ्यात लीड सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याचं बोलणं लोकांना कळतं अशा कोणाला तरी करू द्या." लॅपटॉप त्याच्यापुढून सरकवून शेजारच्याकडे दिला. त्या शेजारच्याने डेमो आयुष्यात चालवला नव्हता. पुढच्या मीटिंगचं निमंत्रण त्याला आलंच नाही, त्याच्या पुढच्याचंही नाही. मुलाने शहाण्यासारखी एचआरकडे लेखी तक्रार केली. एचआरची बाई फार गोड. "आम्ही हे अतिशय गांभीर्याने घेतो." मग चौकशी अधिकारी सुट्टीवर, मग ख्रिसमस, मग निकाल त्याच्या विरोधात, मग अपील. अपिलाचं उत्तर हाती आलं तेव्हा तो वकिलाकडे गेला आणि वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. मुदत कधीच उलटून गेली होती. कंपनीतली अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून ट्रायब्यूनलची मुदत थांबत नाही. थांबते ती एकॅसकडे नोंद केल्यावर. न्यायाधीश मुदत वाढवू शकतात, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. एचआर कितीही गोड असो, कॅलेंडरवर स्वतः खूण करा आणि एकॅसला ०३०० १२३ ११०० वर वेळेत फोन करा. हा फोन फुकट सल्ल्याचा आहे, नुसत्या त्याने नोंद होत नाही, ती वेगळी करायची; ट्रायब्यूनललाही फी नाही. आणि "दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत काही करता येत नाही" असं जे ऑफिसात ऐकायला मिळतं, ते भेदभावाला लागू नाही. नोकरीला अर्ज केलेला माणूससुद्धा दावा करू शकतो. पगार भारतीय कंपनी देते आणि बसता क्लायंटकडे, तरी क्लायंटला हात झटकता येत नाहीत.

आपले लोक दुसरीकडे चुकतात ते ईमेलच्या भाषेत. एक टोक म्हणजे "माझा मॅनेजर रेसिस्ट आहे". इंग्रज माणसाला हा शब्द चोर म्हटल्यापेक्षा जास्त लागतो. तो कानावर पडला की मूळ घटना बाजूला राहते आणि तो किती चांगला माणूस आहे, त्याची वहिनी कशी श्रीलंकेची आहे, याचीच चर्चा सुरू होते. दुसरं टोक आपल्या सवयीचं: "मला थोडी अनफेअर वागणूक मिळते असं नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो." हे त्याहून घातक. तक्रार केल्याचा सूड उगवला तर कायद्याने वेगळं संरक्षण आहे, पण त्यासाठी तक्रार वंशाशी संबंधित भेदभावाची आहे हे तिच्यातून कळायला हवं. नुसतं 'अनफेअर' लिहिलंत तर उद्या ते म्हणतील, आम्हाला काय माहीत तो कशाबद्दल बोलत होता. तेव्हा असं लिहा: अमुक तारखेला, अमुक मीटिंगमध्ये, अमुक व्यक्ती हे शब्द बोलली, समोर हे लोक होते, त्याच कामात अमुकला अशी वागणूक मिळाली नाही, मला वाटतं याचा संबंध माझ्या वंशाशी किंवा राष्ट्रीय मूळाशी आहे. माणूस कसा आहे यावर एक अक्षर नको.

नोंद त्याच दिवशी करा, बोललेले शब्द जसेच्या तसे इंग्रजीत. वही स्वतःची ठेवा. पुरावा म्हणून कंपनीची कागदपत्रं आपल्या जीमेलवर पाठवू नका. मग तक्रार राहते बाजूला आणि डेटा बाहेर नेला म्हणून तुमच्यावरच कारवाई सुरू होते. तुमच्याबद्दल त्यांच्याकडे काय काय लिहिलेलं आहे ते मागायचा हक्क आहे, त्याला 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट' म्हणतात, साधारण महिन्याभरात द्यावं लागतं.

व्हिसाची भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवत नाही. तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. स्पॉन्सरकडची, म्हणजे ज्या कंपनीच्या नावावर व्हिसा आहे तिच्याकडची, नोकरी गेली तर तो जायची वेळ येते. स्पॉन्सर होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याला, कळवतो, पत्र येतं आणि सहसा ६० दिवस मिळतात. म्हणून लढायचं ठरवलं तरी दुसऱ्या स्पॉन्सरचा शोध त्याच आठवड्यात सुरू करा. आणि नाही लढायचं ठरवलं, गुपचूप नोकरी बदलली, तर त्यात लाज कसली? घरी ईएमआय आहे, पोर शाळेत आहे, हे ज्याचं त्याला माहीत.

नावाचं एक. यॉर्कशर क्रिकेट क्लबचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. तिथला पाकिस्तानी वंशाचा माजी खेळाडू अझीम रफीक क्लबातल्या रेसिझमबद्दल २०२० मध्ये बोलला, नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली, २०२३ मध्ये क्लबला ४ लाख पौंडांचा दंड झाला. त्या सगळ्यात बाहेर आलं की आपल्या चेतेश्वर पुजाराला तिथे 'स्टीव्ह' म्हणत होते. पुजारा! ज्याच्या बॅटला गोलंदाज दिवसभर दमत. तेव्हा पहिल्या दिवशी 'सिद्धार्थचं सिड करा' असं स्वतःहून सुचवू नका. दोनदा चुकतील, तिसऱ्यांदा जमेल. चेखॉव्ह आणि श्वार्झेनेगर जमतं यांना. याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी झाल्या, त्या आपल्याकडे कोणी सांगत नाही. इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल वॉन याच्यावरचा रेसिझमचा आरोप शिस्तपालन समितीसमोर सिद्ध झाला नाही. आणि खुद्द रफीकचे २०११ मधले ज्यूंबद्दलचे घाणेरडे मेसेज बाहेर आले, त्याला माफी मागावी लागली. त्याने त्याची तक्रार खोटी ठरली नाही, पण तुमचे जुने मेसेज तुमच्यापाठोपाठ येतात एवढं ध्यानात ठेवा.

शाळेबद्दल. एका ओळखीच्या घरातल्या मुलाला वर्गातल्या मुलाने 'पाकी' म्हटलं, ही इथे आपल्यासारख्या सगळ्यांना दिली जाणारी शिवी. बाबा तावातावाने शाळेत गेले आणि हेडला, म्हणजे मुख्याध्यापकांना, काय म्हणाले? "पण आम्ही पाकिस्तानी नाहीच, आम्ही इंडियन आहोत." हेडने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. शेजारी खुर्चीवर बसलेल्या पोराला त्यातून काय कळलं असेल? म्हणजे पाकिस्तानी असतो तर चाललं असतं! सत्तरच्या दशकात हा शब्द ओरडत जी टोळकी मारायला यायची ती पासपोर्ट बघत नव्हती. शाळेत जाल तेव्हा सरळ सांगा: हा वांशिक शिवीगाळीचा प्रकार आहे, त्याची तशी नोंद करा, आणि काय केलंत ते मला लेखी कळवा.

रस्त्यावरचं थोडक्यात. अंगावर कोणी आलं तर ९९९, होऊन गेलं असेल तर १०१. उलट उत्तर देऊ नका, व्हिडिओपेक्षा निसटणं महत्त्वाचं. पोलिसांना सांगताना "मला वाटतं हे माझ्या रंगामुळे झालं" हे शब्द उच्चारा. नोंदीसाठी तुम्हाला तसं वाटणं पुरतं. हे १९९९ च्या मॅकफर्सन अहवालातून आलं, गोऱ्या पोरांनी मारलेल्या स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाच्या खुनाच्या तपासात पोलिसांनी जी माती केली त्यानंतर. ऑगस्ट २०२४ मध्ये, साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाल्यानंतर, दंगली झाल्या तेव्हा मिडल्सबरोत जमाव गाड्या अडवून आत कोण बसलंय ते विचारत होता. तेव्हा आम्हीही काही दिवस संध्याकाळी घरातच राहिलो. दुसरीकडे, २०२५ च्या उन्हाळ्यात खांबाखांबावर इंग्लंडचे झेंडे लागले म्हणून गावच आपल्यावर उलटलं असं समजणारेही भेटले. आमच्या गल्लीत झेंडा लावणाऱ्यानेच बर्फात आमच्या गाडीला धक्का दिला होता.

आता आपलं. "काळ्यांच्या एरियात घर नको हं" हे वाक्य मी इथे इंग्रजांपेक्षा आपल्या तोंडून जास्त ऐकलं आहे. जाहिरातीत "फक्त व्हेज मराठी फॅमिली" लिहिता आणि फोनवर आडनाव विचारता. टीममध्ये नवीन मुलगा आला की चहाला नेऊन गाव, मग आडनाव, मग "म्हणजे तुमच्यात..." असं खोदत जाता. इक्वॅलिटी ॲक्टमध्ये जात हा शब्द घालायचं २०१३ मध्ये ठरलं आणि २०१८ मध्ये सरकारने ते सोडून दिलं, म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. तिर्की विरुद्ध चांडोक या खटल्यात २०१४ मध्ये अपील ट्रायब्यूनलने सांगितलं की जातीवरून केलेला भेदभाव 'वांशिक मूळ' यात बसू शकतो. यातल्या तिर्की या घरकामाला आणलेल्या आदिवासी बाईला पुढच्या वर्षी किमान वेतनाच्या थकबाकीपोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले. मालक भारतीय वंशाचेच होते. तुम्ही मॅनेजर होऊन आला असाल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

शेवटचं, पैशाचं. वकील महाग आहेत आणि ट्रायब्यूनलमध्ये जिंकलात तरी वकिलाचा खर्च सहसा आपला आपल्यालाच पडतो. युनियनचं सभासदत्व काही घडायच्या आधी घ्या, नंतर घेतलं तर जुन्या भांडणाला उपयोग होत नाही. घराचा इन्शुरन्स काढताना 'लीगल एक्स्पेन्सेस कव्हर'ची खूण करा. वर्षाला थोडेच पौंड जास्त पडतात, बऱ्याच पॉलिसींमध्ये नोकरीचे वाद त्यात येतात. फक्त त्यांना न विचारता आधी आपला वकील लावू नका, मग ते पैसे देत नाहीत. यातलं काहीच नसेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात जा, आणि घटनेची तारीख कागदावर लिहून न्या.