वळीव आला की धावू नका : वादळाआधी आणि वादळात होणाऱ्या चुका

वळवाचं वादळ तसं सांगूनच येतं. एप्रिल-मेमध्ये सकाळपासून अंगाची काहिली होते, दुपारी पान हलत नाही आणि तीन-चारच्या सुमाराला आभाळाचा एक कोपरा काळा होत जातो. तरी दरवर्षी आपण गाफील सापडतो. वारा सुटल्यापासून पहिली गार पडेपर्यंत कधी कधी दहा मिनिटंही मिळत नाहीत, आणि जिवावरच्या चुका होतात त्या याच वेळात.

वारा सुटल्यावर झाकाझाक

आमच्या वसमतकडे मार्च-एप्रिलमध्ये शिजवलेली हळद उन्हात वाळत पडलेली असते. कुणाचा कांदा, कुणाचा कडबा. गडगडलं की अख्खं घर ताडपत्रीची टोकं धरायला धावतं आणि पोरं पळतात आंब्याखाली, कैऱ्या वेचायला. मोकळ्या रानात उभा माणूस म्हणजे विजेला आयतीच उंच जागा. आमच्या घरी आता ठरलंय : हवामान खात्याचा पिवळा किंवा नारंगी इशारा असेल त्या दिवशी दुपारची जेवणं झाली की हळदीचा ढीग लावायचा, ताडपत्री बांधायची, कडेनं मातीची पोती ठेवायची. नंतर वारा शिरलाच तर कुणीही बाहेर जायचं नाही. भिजलेल्या हळदीला भाव पडून मिळतो हे मान्य, पण आजोबांचा जीव ढिगात अडकलेला असतो. त्यांना आवरायचं काम कुणाचं, तेही आधीच ठरवून ठेवा.

पत्र्यावर दगड

ही चूक गावोगाव दिसते. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड, जुने टायर, नांगराचे फाळ. साधा वारा त्यानं थोपतो. वादळाचा वारा मात्र वळचणीतून आत शिरून पत्रा खालून उचलतो, आणि मग तोच दगड खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात येतो. दगड उतरवा. पत्रे लोखंडी अँगलला हुक-बोल्टनं आवळून घ्या, गंजलेले वायसर बदला. कडेच्या ओळीचे बोल्ट आधी बघा, कारण पत्रा सुटतो तो कडेकडून. तरीही वाऱ्याच्या वेळी शेजारी कुणाचं स्लॅबचं घर असेल तर पाऊस यायच्या आत तिकडे जाऊन बसणं चांगलं. भांडण असलं तरी.

मिळेल तो आडोसा

९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात मंदिराच्या टिनशेडखाली लोक थांबले होते. वादळात शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि सात जण गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग पडलं, त्यात १७ जणांचा जीव गेला. आडोशाला उभं राहताना आपण डोक्यावर छप्पर आहे एवढंच बघतो, त्या छपराच्या वर आणि शेजारी काय उभं आहे ते बघत नाही.

झाडाखाली तर थांबूच नका. वीज झाडावर पडली की तिथून शेजारच्या माणसावर उडी घेते, शिवाय जमिनीतूनही पसरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्यांना जमिनीतला झटका जबर बसतो. ऊन उतरल्यावर बैल झाडाला बांधलेले ठेवू नका. काचा लावलेली गाडी चालेल, मोटरसायकल आणि उघडा ट्रॅक्टर नाही.

गडगडाट लांब आहे असं समजणं

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा. साधारण तीन सेकंदाला एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सावध करतं. घरात एकाच्या तरी फोनवर असू द्या. फोन विजेला ओढून घेतो ही अफवा आहे. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात धरू नका. टीव्ही, फ्रिजचे प्लग आधीच काढा. वीज चमकत असताना आंघोळ नको, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावायला कुणी जाऊ नका.

तरीही सापडलात तर

रानात अडकलात आणि जवळ घर नसेल तर झाडं, तारा, विहिरीचं लोखंडी सामान यांपासून लांब व्हा. टाचा जुळवून उकिडवे बसा, कान झाका, आडवे पडू नका. चौघं असाल तर अंतर ठेवून बसा. गारा लागल्या तर घमेलं किंवा हेल्मेट डोक्यावर, पण चमकत असेल तेव्हा घमेलं लोखंडी नको.

कुणावर वीज पडली तर त्याला हात लावला की झटका बसतो, असं समजून लोक लांब उभे राहतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. शेणात पुरलं की माणूस वाचतो ही समजूत सोडा, त्यात वाया जातो तो वेळच त्याला वाचवणारा असतो.

सकाळी तार पडलेली दिसली तर बंद आहे की चालू, हे काठीनं बघू नका. १९१२ वर महावितरणला कळवा. आणि उडालेले पत्रे, मेलेलं जनावर हलवण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला सांगा. आवरून झाल्यावर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही.