डार्क सायकेडेलिक वाजवताय? आधी या चुका टाळा

फझ (गिटारचा आवाज फाडणारं पेडल) लावला, सिंथचा (सिंथेसायझरचा) ड्रोन, म्हणजे एकच लांब स्वर, दाबून धरला, वर बचकभर रिव्हर्ब (घुमारा) ओतला की झालं गुंगवणारं सायकेडेलिक संगीत, असं नव्या पोरांना वाटतं. पेडल घ्यायला पैसे असतात, ऐकायला वेळ नसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे अ‍ॅनालॉग सिंथ बॅगेतून काढला रे काढला की ट्यून करायचा. आतला ऑसिलेटर (स्वर तयार करणारं सर्किट) गरम होईपर्यंत स्वर सरकत राहतो. पुण्यात एका कॉलेजच्या फेस्टला, डिसेंबरमध्ये, उघड्या मैदानावर एका बँडचा साउंड मी बघत होतो. कीबोर्डवाल्याने गार पडलेला सिंथ गाडीतून आणला, घाईघाईत ट्यून केला आणि सुरू. तिसऱ्या गाण्यात ई मायनरचा लांबलचक ड्रोन होता. तोवर सिंथ एकीकडे, बँड दुसरीकडे. बेसवाला गिटारवाल्याकडे डोळे वटारतोय, गिटारवाला बिचारा चालू गाण्यात खुंट्या पिळतोय. आणि ज्याची चूक, तो डोळे मिटून तल्लीन! खाली उतरल्यावर म्हणतो, "दादा, टँजरीन ड्रीमचंही असंच झालं होतं ना?"

झालं होतं. टँजरीन ड्रीम या जर्मन बँडच्या १९७४च्या 'फेड्रा'त मूग सिंथ तापत गेला तसा सिक्वेन्सरचा (ठरलेली ओळ आपोआप फिरवत राहणाऱ्या यंत्राचा) स्वर सरकला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. पण त्यांच्याकडे दर चार मात्रांना ई वर येऊन आदळणारा गिटारचा रिफ नव्हता. मी सिंथ निदान अर्धा तास आधी चालू करून ठेवतो, ट्यूनिंग सगळ्यात शेवटी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा एकदा.

दुसरी चूक: डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) फझच्या आधी लावणं. फझ मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज वर उचलतो. त्यामुळे विरत जाणारे प्रतिध्वनी विरतच नाहीत, सगळा चिखल होतो. चिखलच हवा असेल तर खुशाल लावा, पण मग रिफ ऐकू येत नाही म्हणून साउंडवाल्यावर ओरडू नका. डिलेचा फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा परत येणार ते) वाढवून सोडून देणारेही असेच. तो नॉब वर नेला की माझा हात तिथून हलत नाही; शिट्टी सुरू झाल्यावर धावून उपयोग नाही.

ड्रोन आणि बेस गिटार एकाच सप्तकात नकोत. दोघांपैकी एकाने वर जायचं.

सिक्वेन्सर ड्रमरच्या मॉनिटरमध्ये (त्याला ऐकू येणाऱ्या स्पीकरमध्ये) द्याच. मशीन ड्रमरसाठी थांबत नाही.

"अजून एक सिंथ घेतला की जमेल" हा आजार वेगळाच. जर्मन संगीतकार क्लाउस शुल्त्सेच्या १९७२च्या 'इर्लिश्ट' अल्बममध्ये सिंथ नाहीच; बिघडवलेला ऑर्गन आणि ऑर्केस्ट्राची उलटी फिरवलेली टेप आहे. पिंक फ्लॉइडच्या 'ऑन द रन'मध्ये (१९७३) सिंथी नावाच्या सिंथवर भरलेली ८ स्वरांची ओळ आहे, वेग वाढवून फिरवलेली. बाकी करामत फिल्टरची. आधी एकच ओळ लावा आणि दहा मिनिटं फक्त फिल्टरचा कटऑफ (आवाज कुठून कापायचा तो नॉब) फिरवत बसा. कंटाळा आला तर हा प्रकार तुमचा नाही.

आणि सेटअपमधून बारीक चिरचिर येत असेल तर अँप दुरुस्तीला टाकण्याआधी पॉवर बघा. डिजिटल डिले आणि अ‍ॅनालॉग फझ एकाच स्वस्त अडॅप्टरवर माळेसारखे जोडलेले असतील. डिजिटलला वेगळा, पुरेशा मिलिअँपिअरचा अडॅप्टर द्या. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाल्या फझची पोलॅरिटी (प्लस-मायनस) बऱ्याचदा उलटी असते, त्याला तर त्या माळेत घालूच नका, बॅटरी लावा.