६० मीटरसाठी ट्रायमिक्स: १८/४५ की १५/५५?

खोल पाण्यातल्या डाइव्हसाठी ट्रायमिक्स, म्हणजे श्वासासाठीचं ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनचं मिश्रण, निवडताना ऑक्सिजन आणि खोलवर नायट्रोजनने येणारी गुंगी सगळेच बघतात, वायूची घनता मात्र राहून जाते. घनता वाढली की श्वास जड होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि भान सुटतं. शिफारस ५.२ ग्रॅम प्रति लिटरच्या आत राहण्याची आहे; ६.२ म्हणजे अगदी शेवटची हद्द. ६० मीटरवर, म्हणजे ७ बार दाबाला, हवा ९ भरते, १८/४५ (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम) ५.६ आणि १५/५५ फक्त ४.८. म्हणून १५/५५च घ्या. पण पृष्ठभागावर ते तोंडाला लावू नका, ऑक्सिजन कमी पडून शुद्ध हरपू शकते. वरच्या टप्प्यासाठी वेगळा वायू हवाच.

१५/५५ भरताना, ऑक्सिजनसाठी साफ केलेल्या रिकाम्या सिलिंडरमध्ये २०० बारसाठी आधी १४ बार ऑक्सिजन, मग ११० बार हेलियम, वर ७६ बार हवा. सावकाश भरा, सिलिंडर तापला की गेज फसवतो. थंड झाल्यावर ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही अ‍ॅनलायझरवर तपासा, आकडे सिलिंडरवर लिहा.

वर येताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून घ्यायचे थांबे फार खोलवर ठेवू नका. अमेरिकी नौदलाच्या २०११च्या अहवालात ट्रायमिक्स नव्हे, साधी हवा वापरून केलेल्या डाइव्हमध्ये, वर येण्याचा एकूण वेळ सारखाच असताना, खोल थांब्यांच्या १९८ डाइव्हमध्ये १० वेळा बेंड्स (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) झाले, उथळ थांब्यांच्या १९२मध्ये ३ वेळा.